रात्री तीनला हूटर वाजला, तर फोन कोणाला जातो?

मागच्या मे महिन्यात आई-बाबा नाशिकला मुंजीला गेले होते, इथलं लोकमान्य नगरचं घर आठ दिवस बंद. बाबांनी नोकरीत असताना लोन काढून बांधलेलं घर, पुढे छोटं अंगण, आणि मागे न्हाणीघराच्या बाजूनं बोळात उघडणारं एक दार ज्याच्याकडे आम्ही कुणी कधी नीट बघितलंच नव्हतं. चोर तिथूनच आले. इंदूरच्या हिंदी पेपरात रोज एक तरी बातमी असतेच, 'सूने मकान का ताला टूटा', आपण चहा पिता पिता वाचतो आणि पान उलटतो, त्या दिवशी ते सूना मकान आमचं होतं.

पैसे फारसे नव्हतेच घरात. देवघरातली चांदीची भांडी गेली आणि महालक्ष्म्यांचे मुखवटे गेले. पणजीच्या वेळचे होते ते. थोरलीच्या नाकाचं भोक नथ घालून घालून मोठं झालेलं, नथ सारखी खाली सरकायची, म्हणून आई दरवर्षी आतून मेणाचा छोटा गोळा लावून ती बसवायची. रिपोर्ट लिहिताना पोलिसांनी विचारलं काही ओळख सांगा तर आईनं हेच सांगितलं, मेण लावलेलं असेल बघा आतून. मला अजून ते आठवलं की गळा दाटतो.

पण आज लिहायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. आमच्याकडे अलार्म होता! मागच्या दाराला सेन्सर होता, छपराखाली हूटर होता, सात-आठ वर्षांपूर्वी एका इलेक्ट्रिशियननं बसवून दिलेला. दादानं न्यू जर्सीहून येताना आणलेला वायफायचा कॅमेरापण होता. आणि त्या रात्री हे सगळं चाललं. दार उघडलं, हूटर वाजला, अगदी जोरात वाजला म्हणतात. कॅमेऱ्यानं तीन वाजून दहा मिनिटांनी दादाच्या मोबाइलवर नोटिफिकेशन पाठवलं, तेव्हा तिकडे संध्याकाळचे पाच चाळीस झाले होते आणि तो ऑफिसमधून गाडी चालवत घरी निघाला होता. त्या कॅमेऱ्याची रोज पन्नास-साठ नोटिफिकेशन्स यायची, मांजर आलं, गुलमोहराची सावली हलली, पेपरवाला आला, म्हणून त्यानं आवाज बंद करून ठेवलेला. त्यानं बघितलं तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजून गेले होते. मला फोन केला, माझा फोन सायलेंटवर. समोरच्या काकूंना हूटर ऐकू आला होता, त्या उठूनपण बसल्या, पण त्यांना वाटलं कोणाच्या तरी गाडीचा वाजतोय, आणि थोड्या वेळानं बंद झाला म्हणून त्या परत झोपल्या. हूटर ठरलेल्या मिनिटांनी आपोआप बंदच होतो, तसं सेटिंगच असतं त्यात.

काकूंना मी एका शब्दानंही दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलं होतं का की तो आवाज आमच्याकडचा आहे, वाजला तर या नंबरवर फोन करा म्हणून? नव्हतं सांगितलं. सगळ्या वस्तूंनी आपापलं काम केलं, माणूस मात्र एकही आला नाही, कारण माणसांची साखळी आम्ही कधी बांधलीच नव्हती.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागले. माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी इथेच एका मॉनिटरिंगच्या कंपनीत, म्हणजे लोकांच्या घरा-दुकानांच्या अलार्मवर लांबून लक्ष ठेवणाऱ्या कंपनीत, नाईट शिफ्ट करते, इतके दिवस आम्हाला वाटायचं कॉल सेंटरसारखं काहीतरी असेल. मी तिला म्हटलं मला तुमचं ऑफिस बघायचंय, तर म्हणाली, "मावशी, आत घरच्यांनापण सोडत नाहीत. दोन दारं आहेत, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडतच नाही." मग ती सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे आली, पोहे खाल्ले आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे पेननं मला सगळं काढून दाखवलं. ते पान अजून फ्रिजवर लावलेलं आहे.

तर घरात किंवा दुकानात मुख्य असतं पॅनल. लोखंडी किंवा प्लास्टिकची पेटी, आत एक सर्किट आणि एक बॅटरी, बहुतेक ठिकाणी बारा व्होल्ट सात एएचची, छोट्या यूपीएसमध्ये असते तीच. लाइट गेली तरी पॅनल चालू राहावं म्हणून. या पेटीला सगळे सेन्सर जोडलेले असतात आणि प्रत्येकाला एक झोन नंबर असतो, झोन एक पुढचं दार, झोन दोन हॉल, झोन तीन मागचं दार असं. दाराचा सेन्सर म्हणजे काय तर एका बाजूला चुंबक आणि चौकटीवर काचेच्या बारीकशा नळीत दोन पातळ पत्र्या, दार लागलेलं असतं तेव्हा चुंबकामुळे त्या पत्र्या चिकटून राहतात, दार उघडलं की सुटतात, की सर्किट तुटलं. इतकं साधं. वायर कापली तरी सर्किट तुटणारच म्हणजे अलार्म होणारच. मग मी विचारलं की एखाद्यानं हुशारी करून दोन वायर एकमेकींना जोडून दिल्या तर? त्यासाठी म्हणे वायरच्या अगदी शेवटी, सेन्सरच्या आत, एक रेझिस्टर लावतात, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा छोटासा भाग. पॅनल सतत तेवढाच रोध येतोय ना ते तपासत असतं, शून्य आला तरी गडबड आणि अनंत झाला तरी गडबड. आमच्या जुन्या पॅनलमध्ये तो रेझिस्टर सेन्सरकडे नव्हताच, पेटीच्या आतच लावून ठेवला होता, म्हणजे असून नसल्यासारखा. नवीन बसवणाऱ्या मुलानं उघडून दाखवलं तेव्हा कळलं. तुमच्याकडे वायरवाली सिस्टिम असेल तर हे एकदा बघून घ्याच.

खोलीत कोपऱ्यात वरती तो पांढरा डबा असतो, तो हालचालीचा सेन्सर, पीआयआर म्हणतात. तो स्वतः काही सोडत नाही, फक्त उष्णता बघतो. पुढच्या त्या दुधी प्लास्टिकमध्ये बारीक रेघा असतात, त्यामुळे खोलीचे पट्टे पडतात, आणि गरम शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की फरक कळतो. म्हणून तो दाराच्या अगदी समोर न लावता असा लावायचा की येणारा माणूस त्याच्यापुढून आडवा जाईल, सरळ त्याच्याच दिशेनं चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. काचेच्या पलीकडचं त्याला दिसत नाही. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट, मे महिन्यात बंद घर आतून इतकं तापतं की खोली आणि माणूस यांच्या तापमानात फारसा फरकच राहत नाही, तेव्हा साधा पीआयआर ढिला पडू शकतो, चांगल्यामध्ये तापमानाप्रमाणे स्वतःला सांभाळून घ्यायची सोय असते. हे मी दुकानदाराला विचारलं तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला. विचारायचं, लाजायचं नाही. आणि पाल! पाल त्या डब्यावर जाऊन बसली की अलार्म. लेन्सच्या इतक्या जवळ असते की सेन्सरला ती पाल भलीमोठी वाटते. भाची म्हणाली पावसाळ्यात पाली आणि किडे यांचेच किती अलार्म असतात.

आता खरं महत्त्वाचं. झोन तीन उघडला, पुढे काय? पॅनल भाचीच्या कंपनीच्या कंट्रोल रूमला एक निरोप पाठवतं, आणि तो निरोप म्हणजे फक्त आकडे. तिनं कॅलेंडरवर लिहून दाखवलं: ४०२७ १८ ११३० ०१ ००३. पहिले चार म्हणजे ग्राहकाचा नंबर. अठरा म्हणजे निरोप कोणत्या पद्धतीचा आहे ते. मग एक म्हणजे घटना नवीन आहे, तिथे तीन असता तर 'पूर्ववत झालं' असा अर्थ. १३० म्हणजे घरफोडी. ०१ म्हणजे घराचा कोणता भाग आणि ००३ म्हणजे झोन तीन, मागचं दार. शेवटी अजून एक आकडा असतो बेरीज जुळवून बघायला, म्हणजे वाटेत काही बिघडलं नाही ना ते कळतं. एकूण सोळा. याला कॉन्टॅक्ट आयडी म्हणतात आणि ही लँडलाइनच्या जमान्यातली पद्धत आहे, फोनचं बटण दाबलं की टूं असा सूर येतो ना, त्याच सुरांत पॅनल कंट्रोल रूमला हे सोळा आकडे म्हणून दाखवायचं. आता निरोप इंटरनेटवरून किंवा सिमकार्डवरून जातो पण बऱ्याच ठिकाणी कोड तेच राहिलेत. ११० आग, १२० पॅनिक बटण, १२१ जबरदस्ती, ३०१ लाइट गेली, ३०२ बॅटरी उतरली. पहिल्या मोठ्या पावसात विजेचा एखादा फीडर गेला की त्यांची स्क्रीन ३०१, ३०१, ३०१ नी भरून जाते, आणि त्या गर्दीत एक १३० आला तर तो सगळ्यात वर लाल होऊन यावा म्हणून सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोडला क्रम दिलेला असतो. मला हे ऐकताना अंगावर काटा आला, की माझ्या आईचं मागचं दार म्हणजे त्या मुलीच्या स्क्रीनवरची एक ओळ आहे आणि ती ओळ बघायला कोणीतरी जागं आहे.

ओळ आली की ती काय करते? आधी घरी फोन. कोणी उचललं तर नाव आणि पासवर्ड विचारायचा. पासवर्ड बरोबर, चुकून वाजला म्हणाले, तर नोंद करून बंद. पासवर्ड चुकला किंवा माणूस गडबडला, तर कितीही गोड बोलला तरी तो अलार्म खराच धरायचा. घरी कोणी नाही उचललं तर दुसरा फोन, मोबाइलवर. मग यादीतला पुढचा नंबर, ज्याच्याकडे किल्ली आहे तो. मग पोलिस. आगीचा कोड असेल तर मात्र आधी फायर ब्रिगेडला, मग बाकीचे फोन.

दोन वेगळ्या नंबरांवर फोन करून मगच पोलिसांना कळवायचं ही पद्धत अमेरिकेत रुजली, कारण तिकडे पोलिसांकडे जाणाऱ्या चोरीच्या अलार्मपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त खोटे निघतात. सॉल्ट लेक सिटीनं तर २००० साली नियमच केला की जागेवर कोणीतरी बघून खात्री केल्याशिवाय नुसत्या अलार्मवर पोलिस पाठवणार नाही. इंग्लंडमध्येपण एकच सेन्सर वाजला तर तेवढ्यावर पोलिस येत नाहीत, दुसऱ्या सेन्सरनं किंवा कॅमेऱ्यानं दुजोरा द्यावा लागतो. वाचताना वाटतं की हे कठोर आहे, पण विचार केला तर बरोबर आहे, दहा वेळा पाल निघाली तर अकराव्या वेळी कोण धावेल?

आपल्याकडे पोलिस म्हणजे ११२. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला कोणत्याच सेल्सवाल्यानं सांगितली नाही, भाचीनं सांगितली. कंट्रोल रूम नोएडाला असेल आणि तिथून त्यांनी ११२ लावला तर तो फोन उत्तर प्रदेशच्या पोलिसांकडे लागणार, मध्य प्रदेशच्या नाही! ११२ जिथून लावतो त्या राज्यात लागतो. म्हणून दुसऱ्या शहरातून मॉनिटरिंग होत असेल तर त्यांच्याकडे इंदूरच्या पोलिस कंट्रोल रूमचा आणि आपल्या पोलिस ठाण्याचा नंबर लिहिलेला पाहिजे, आणि तो चालू आहे का हे मधूनमधून बघितलेलं पाहिजे. आणि इथून ११२ लावला तरी तो उचलला जातो भोपाळला, तिथल्या मुलीला आपली गल्ली कशी माहीत असणार, तर पत्ता खुणेसकट लिहून द्यायचा, कोणत्या शाळेच्या मागे, कोणत्या मंदिराकडून वळायचं, गेट कोणत्या रंगाचं. मी आमच्या फॉर्मवर पत्त्याच्या तीन ओळी लिहिल्या आहेत, समोरच्या काकूंच्या गेटवरच्या मधुमालतीसकट.

काही कंपन्या स्वतःची गाडी आणि गार्ड पाठवतात. त्यांना विचारायचं की २००५ च्या खाजगी सुरक्षा एजन्सीच्या कायद्याखालचं राज्याचं लायसन्स आहे का, आणि रात्री गाडी उभी कुठे असते. गाडी बायपासला असेल आणि घर राजवाड्याजवळ असेल तर किती वेळ लागेल ते आपलं आपल्याला कळतं.

दुकानांचं जरा वेगळं असतं. माझ्या धाकट्या दिरांचं सियागंजला किराण्याचं थोक दुकान आहे, मागे गोदाम. आमच्या घरची चोरी झाली तेव्हा त्यांनीपण घाबरून मॉनिटरिंग घेतलं आणि पहिल्या महिन्यात त्यांचा जीव मेटाकुटीला आला, गोदामात उंदीर, रोज रात्री अलार्म, रोज रात्री फोन. मग तिथला सेन्सर बदलला, नवीन आहे त्यात उष्णता बघणारा आणि मायक्रोवेव्हवाला, म्हणजे लहरी सोडून हालचाल ओळखणारा, असे दोन्ही एकत्र असतात आणि दोघांचं एकमत झालं तरच अलार्म होतो. पोत्यांच्या थप्पीवरून उंदीर थेट सेन्सरच्या तोंडाशी येत होते, तर जागापण बदलली. शटरला खाली जाड चुंबक आणि जमिनीवर त्याचा सेन्सर बसवला, कारण रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की शटर थरथरायचं आणि जुना सेन्सर वाजायचा. धुराचा सेन्सर बसवला तर तो मिरचीची पोती हलवली की वाजायचा, मिरचीचा धुरळाच तो, मग तो तिथून काढून लांब लावला. पण भावजींना मी म्हटलं बाकी काही काढा, धुराचा काढू नका, कारण सियागंजच्या त्या चिकटून चिकटून असलेल्या गोदामांमध्ये मला चोरीपेक्षा आगीची जास्त भीती वाटते.

दुकानासाठी सगळ्यात उपयोगाची गोष्ट मला जी वाटली ती वेगळीच आहे. दुकान बंद करताना कोड दाबला की तीही नोंद कंट्रोल रूमला जाते, उघडल्याचीही जाते, कोणी उघडलं तेसुद्धा, कारण प्रत्येकाचा कोड वेगळा. भावजींनी वेळ लिहून दिली आहे, रात्री साडेनऊ. पावणेदहापर्यंत अलार्म लागला नाही की फोन येतो. एकदा असाच फोन आला तेव्हा ते लग्नाच्या रिसेप्शनमध्ये जेवत होते, मुनीमजींना वाटलं मालक लावतील, मालकांना वाटलं मुनीमजींनी लावला. गल्ल्याच्या खाली पायाशी एक बटण आहे, दाबलं तर दुकानात काहीच वाजत नाही, पण तिकडे कळतं. आणि जबरदस्तीचा कोड, हा मला फार शहाणपणाचा वाटला. कोणी मानेवर चाकू ठेवून म्हणालं अलार्म बंद कर, तर नेहमीचा नाही, दुसरा ठरलेला कोड टाकायचा. अलार्म बंद होतो, चोराला काही संशय येत नाही, आणि तिकडे १२१ पोचतो. हा कोड घरातसुद्धा ठेवा, आणि तो आई-बाबांना पाठ असू द्या. फक्त १२३४ ठेवू नका हो.

भाचीच्या कंपनीकडे एटीएमपण आहेत. रिझर्व्ह बँकेनं २०१९ साली बँकांना सांगितलं की एटीएम भिंतीला, जमिनीला पक्कं बसवा आणि लांबून नजर ठेवायची व्यवस्था करायचाही विचार करा, आणि आता बऱ्याच ठिकाणी दारात गार्ड दिसत नाही. तिच्यासमोर माइक असतो, रात्री कोणी हेल्मेट घालून आत आलं तर ती बोलते, "भाईसाहब, हेलमेट उतार लीजिए." म्हणाली, दहातले नऊ जण दचकून लगेच काढतात आणि सॉरी मॅडम म्हणतात, कॅमेऱ्याकडे हात जोडून. एकदा एक म्हातारे आजोबा आत आले आणि खाली बसले, छातीत दुखत होतं. तिनंच अँब्युलन्सला फोन केला आणि ती येईपर्यंत माइकवरून त्यांच्याशी बोलत राहिली, की बाबूजी, गाडी निघाली आहे, मी आहे इथे. ती हे सांगत होती तेव्हा मला तिच्या नाईट शिफ्टबद्दल मी केलेली सगळी कुरकूर आठवली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली, ती म्हणजे शांतता. चोरानं आधी इंटरनेटची वायर कापली तर निरोप जाणारच कसा? म्हणून दोन रस्ते हवेत, एक वायफाय किंवा केबल आणि एक सिमकार्ड. आणि पॅनल मधूनमधून आपण होऊन 'मी आहे' असा निरोप पाठवत असतं, रोजचा टेस्ट रिपोर्टपण जातो, ६०२ त्याचा कोड. तो आला नाही की तीच एक घटना होते आणि फोन येतो. विकत घेताना विचारा की पॅनल किती वेळ गप्प राहिलं तर तुम्हाला कळतं? कोणी म्हणेल दोन मिनिटं, कोणी म्हणेल चोवीस तास, आणि या दोन उत्तरांत पूर्ण घर खाली होण्याइतकं अंतर आहे. सिमचा रिचार्ज कोण करणार तेही विचारा. आमच्या ओळखीत एका घरी सगळं उत्तम बसवलेलं, आणि सिमचा रिचार्ज संपून तीन महिने झालेले.

हे सगळं काही नवीन नाहीये बरं. १८५३ मध्ये बोस्टनजवळच्या ऑगस्टस पोप नावाच्या माणसानं दारा-खिडक्यांना वायर लावून घंटी वाजवायचं पेटंट घेतलं, एडविन होम्सनं ते विकत घेऊन धंदा उभा केला, आणि पुढे त्या तारा घराघरातून एका मध्यवर्ती ऑफिसात नेल्या, तिथे रात्रभर माणूस बसलेला. १८७७ मध्ये बोस्टनला होम्सच्या मुलानं त्याच तारांवर दिवसा टेलिफोन आणि रात्री अलार्म असं चालवलं होतं. म्हणजे पहिल्यापासून लोकांना कळलं होतं की नुसती घंटी पुरत नाही, घंटीच्या दुसऱ्या टोकाला माणूस पाहिजे.

आपल्याला तर हे कोणी सांगायची गरजच नाही. सराफा बघा. संध्याकाळी दागिन्यांची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुवा सुरू होतो, रात्री एक-दोनपर्यंत माणसांची रीघ. जुनी माणसं सांगतात की सराफांना हे ठेले हवेच असायचे, बंद शटरसमोर रात्रभर उजेड आणि वर्दळ असली की चोर येईल कुठून. आमच्या लहानपणी कॉलनीत गोरखा यायचा, काठी आपटत, शिट्टी वाजवत, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारावर पैसे घ्यायला. त्याला प्रत्येक घर माहीत होतं, कोणाकडे पाहुणे आलेत, कोण गावाला गेलंय. आता तो येत नाही, फाटकं उंच झाली आहेत आणि बाजूच्या घरात कोण राहतं ते महिनोन्महिने कळत नाही.

म्हणून मॉनिटरिंग घेताना मी सगळ्यात जास्त वेळ कशावर घालवला असेल तर त्या फॉर्मवरच्या एका रकान्यावर. किल्ली असणाऱ्या माणसांची नावं आणि नंबर, पाच ओळी. सेल्सवाला म्हणाला, मॅडम, तुमचा आणि सरांचा टाका, बास झालं. आम्ही राहतो विजय नगरला! रात्री तीन वाजता उठून, गाडी काढून, रिंग रोडनं लोकमान्य नगरला पोचायला आम्हाला अर्धा तास तरी लागणारच. दादाचा नंबर अमेरिकेतला, तो तिकडून काय करणार. म्हणजे कंपनी कितीही चांगली असली, तिनं एका मिनिटात फोन केला तरी तो फोन ज्याला जाणार तो माणूस दारापासून किती लांब आहे, यावरच सगळं आहे. मी पेन खाली ठेवलं आणि आईबरोबर समोरच्या काकूंकडे गेले.

काकूंना चोरीचं तेव्हापासून मनाला लागलेलं होतं. मी म्हटलं, काकू, पहिला नंबर तुमचा टाकू का, त्या आधी गप्पच झाल्या, मग म्हणाल्या, "मला जमेल का गं ते पासवर्ड वगैरे?" मी सांगितलं, तुम्ही आत जायचंच नाही, एकटीनं तर मुळीच नाही, आपल्याच गेटमधून बघायचं, दिवा लागलाय का, फाटक उघडं आहे का, आणि फोनवर ते सांगायचं. बस. दुसरा नंबर कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या मुलाचा टाकला, तो रात्री उशिरापर्यंत अभ्यासाला जागाच असतो. तिसरा आमचा. चौथा भावजींचा. पाचवी ओळ आईनं भरली, बाबांच्या शाखेतल्या जुन्या मित्रांची, ते दोन गल्ल्या सोडून राहतात आणि पहाटे चारला उठतात.

मागच्या रविवारी आम्ही टेस्ट केली. आधी कंट्रोल रूमला सांगून ठेवलं, टेस्ट मोड लावायचा पण फोन मात्र खरेच करा म्हटलं, आणि मी मागचं दार उघडलं. मोबाइलवर घड्याळ लावलेलं. हूटर लगेच. घरचा फोन चाळीस सेकंदांनी वाजला, आम्ही मुद्दाम उचलला नाही. एक मिनिट पन्नास सेकंदांनी समोर काकूंचा फोन वाजलेला आम्हाला अंगणातून ऐकू आला. आणि तीन मिनिटं व्हायच्या आत काकू त्यांच्या गेटपाशी, ओल्या हातात फोन, दुसऱ्या हातात टॉर्च, दिवसाढवळ्या टॉर्च लावलेली, मोठमोठ्यानं फोनवर सांगताहेत की हां जी, मैं सामने ही खड़ी हूं, फाटक बंद है, अंदर बत्ती नहीं है. आई एकदम रडायलाच लागली.

मग त्या रस्ता ओलांडून आल्या, आईच्या हातावर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, दर महिन्याला कर बाई हे, मी येत जाईन, फक्त सकाळी साडेसातला नको ठेवूस, नर्मदेचं पाणी येतं तेव्हा.